शेजाऱ्याचं सुतक

अक्का गेल्याचं मला कळलं ते सोलापूरच्या होम मैदानावर, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या गर्दीत, हातात भज्यांचा कागद धरलेला असताना. तेही दहा महिन्यांनी.

सांगितलं अव्वांच्या थोरल्यानं. आमच्या वाड्यात जिन्याखालच्या दोन खोल्यांत राहायचे ते लोक. पाळण्यांच्या रांगेत त्यानंच मला ओळखलं. "काय गं, कधी आलीस? एकटीच काय?" मग पाण्याचं झालं. सोलापुरात कुणीही भेटलं की आधी पाण्याचं बोलायचं, तब्येत नंतर. "आता चार दिवसाला येलालंय, तेपण रात्री दोनला." मग पोरांचं. थोरली बंगळुरूला, धाकटा बारावीत. मग त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं. मग भज्यांत यंदा मीठच नाही, याचं. आणि त्याच दमात, "अक्का गेल्या की. तुला ठाऊक नाही? पाडव्याच्या आसपास."

मी भजं चावत राहिले. दुसरं काय करणार? दादाच्या घरी माझ्या बॅगेत अक्कासाठी घेतलेलं सुती लुगडं होतं, हिरवं, बारीक काठाचं. तीन वर्षं भेट झाली नव्हती, यंदा नक्की जायचं ठरवून आले होते.

त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती इथं लिहून टाकते. पटली तर बघा.

गेल्या आषाढात आमच्या ह्यांच्या चुलत आत्याचे मिस्टर वारले. मी त्यांना आयुष्यात पाहिलेलं नाही, ते कोणत्या गावचे हेही मला दोनदा विचारावं लागलं. पण बातमी वीस मिनिटांत आली. फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, सासूबाईंनी फोन करून "अंघोळ करून घे गं" म्हणून सांगितलं आणि मी केली. भाऊबंदकीचं दहा दिवस, अमक्याचं तीन दिवस, तमक्याची नुसती अंघोळ. आपल्याकडं या सगळ्याचा हिशेब इतका चोख की बँकेनं शिकावा.

त्या हिशेबात शेजाऱ्याचं खातंच नाही. ज्या बाईच्या मांडीवर मी ताप काढला, तिच्यासाठी अर्धा दिवसही नाही. बरं, सुतक पाळायला न मिळाल्याचं दुःख नाही मला. पण ज्याचं सुतक त्यालाच कळवायचं, हे आपल्या हाडात इतकं भिनलंय की ज्याला सुतक नाही त्याला बातमीही नाही.

अक्का म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या. पद्मशाली. घरात तेलुगू, वाड्यात मराठी, अव्वांशी भांडायला कन्नड. मालक मागावर जायचे आणि त्या बिड्या करायच्या. दुपारी उंबऱ्यात बसलेल्या असायच्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पानावर पत्र्याचा छोटा तुकडा ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेनं कात्री फिरवायची. पान भरायचं, वळायचं, तोंड दुमडायचं आणि दोऱ्याचा वेढा द्यायचा. हे सगळं करताना त्यांचं लक्ष हातांकडं कधीच नसायचं. बोलायच्या आमच्याशी, बघायच्या नळाकडं आणि बोटं आपली आपण चाललेली. मजुरी हजार बिड्यांमागे. ब्रँचमध्ये, म्हणजे कारखान्याच्या बिड्या जमा करायच्या जागी, चेकरनं छाट काढली, बिड्या खराब म्हणून बाजूला टाकल्या, की तेवढी मेहनत पाण्यात. छाट जास्त निघाली त्या दिवशी अक्का काही बोलायच्या नाहीत, भाजीला फोडणी मात्र जोरात बसायची. आई म्हणायची, "आज छाट निघाली वाटतं."

तो पत्र्याचा तुकडा मला फार आवडायचा. कडा झिजून चकचकीत झालेल्या. मी तो घेऊन वहीच्या कागदाची पानं कापायचे आणि अक्का ती खरी असल्यासारखी मोजून घ्यायच्या. शाळेतून आले की पहिला प्रश्न, "तिन्नावा?" जेवलीस का. नाही म्हटलं की भाकरी आणि शेंगाचटणी, वर तेल. हो म्हटलं तरी तेच.

माझे वडील 1997 साली गेले. गिरणी आधीच बंद पडलेली, देणी अडकलेली, दादा विशीतला. आमच्या घरी चूल पेटायची नव्हती. कडू घास खरं तर नातेवाइकांनी द्यायचा, पण आमचे मामा बार्शीहून संध्याकाळी पोचले, तोवर अक्कांनी पिठलं-भाकरी करून आणलेली. चाची खालून चहाची किटली घेऊन आल्या. अव्वांनी आईला पायरीवर बसवून दोन घास भरवले, "उण्णवा, उण्णवा" म्हणत. जेवून घे बाई. पुढचे सात दिवस अक्कांचं सूप भिंतीला उलटं टेकवलेलं होतं. सात दिवस बिड्या नाहीत म्हणजे सात दिवसांची मजुरी नाही. हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं स्वतःच्या पगारातून रजा कापली गेली तेव्हा कळलं.

आता कुणीतरी खाली लिहीलच, काय दिवस होते ते, माणसं किती जवळ होती. थांबा. आठ बिऱ्हाडांत एक नळ आणि दोन संडास होते. दारं उघडी असायची कारण आत हवाच नव्हती. आई आणि अक्का हंड्याच्या नंबरावरून एकदा दीड महिना बोलत नव्हत्या, आणि वाडा बिल्डरला गेला तेव्हा जुन्या गळतीचं कुणाला फार वाईटही वाटलं नाही. मला तो वाडा परत नकोय. मला फक्त त्यातली माणसं जिवंत आहेत का, एवढं कळायला हवंय.

वाडा गेला आणि माणसं पांगली. अव्वांचं कुटुंब जुळे सोलापूरला. आम्ही पुण्याला, दादा होटगी रोडला. अक्का कुंभारीला गेल्या, गोदूताई परुळेकर वसाहतीत. बाहेरच्यांना सांगायला हवं, कामगार नेते आडम मास्तरांच्या लढ्यातून बिडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली ही 10,000 घरांची वसाहत. 2006 साली खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते घरं द्यायला. अक्का त्या गर्दीत उन्हात उभ्या होत्या आणि नंतर मला फोनवर म्हणाल्या, "माझं घर गं. माझं." दोनदा म्हणाल्या.

एक काळ हुतात्मा एक्स्प्रेस हेच आमचं बातमीपत्र होतं. पुण्याहून संध्याकाळी बसलं की दौंड येईपर्यंत कुणीतरी सोलापूरचं भेटायचंच आणि कुर्डुवाडीपर्यंत सगळ्या पेठेची जन्म-मृत्यू नोंद पूर्ण व्हायची. आता मी गाडीनं जाते, एसी लावून, कानात बोंडं घालून. कोण भेटणार?

भेटलं तरी बातम्या कोणत्या? पॅकेज, फ्लॅट, व्हिसा. परवा अव्वांच्या थोरल्याशी बोलताना मीही तेच केलं, माझ्या लेकाचं कॉलेज सांगितलं, त्याची सहा महिने झोप उडाली होती ते नाही सांगितलं. वाड्यात असतो तर सांगायची गरजच नव्हती. भिंतीतून ऐकू गेलं असतं. छाट निघालेली आमच्याकडं कळायची तसं.

दादाला मी हे सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मग कुणाकुणाला कळवायचं? दूधवाल्याला? इस्त्रीवाल्याला? पंचवीस वर्षं झाली. ज्याचा त्याचा संसार आहे." त्याच्याही बोलण्यात तथ्य आहे. मयताच्या घरात माणसाला स्वतःची चप्पल सापडत नाही, तिथं जुन्या शेजाऱ्यांचे नंबर कोण शोधणार? पण मी त्याला म्हटलं, तुझ्या लग्नाच्या पत्रिका छापल्या तेव्हा पहिली सिद्धेश्वराला ठेवली आणि दुसरी अक्कांना. मग शेवटच्या बातमीच्या वेळी त्या यादीतून कशा गळल्या? तो म्हणाला, "बातमी त्यांच्याकडून यायची होती, आपल्याकडून नाही." आणि तिथं मी गप्प झाले.

बारा तारखेला सकाळी चार पुतळ्यांपाशी हार घालायला लोक जमले होते. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. रिक्षातून जाताना मनात आलं, हे शहर इतकी वर्षं चार वेगवेगळ्या घरांतल्या माणसांचा दिवस एकत्र पाळतंय, रक्ताचं नातं न विचारता. आणि मला एका अक्काची तारीख माहीत नाही. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं, म्हणून डोळे पुसले.

जत्रेतला सिद्धेश्वराच्या लग्नाचा अक्षता सोहळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुंभारीला गेले. घर सापडायला वेळ लागला, सगळी एकसारखी. सून घरात होती, ब्रँचला जायच्या गडबडीत. मी ओळख सांगितली. तिनं आधी पाणी दिलं, मग खुर्ची. मी थोडी रागातच होते, खोटं कशाला बोलू. म्हटलं, मला कुणी कळवलं नाही.

ती काही बोलली नाही. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीकडं बोट दाखवलं. अक्कांना वाचता येत नव्हतं, बटणांचा फोन होता, म्हणून सगळे नंबर नातीनं भिंतीवर स्केचपेननं लिहिलेले. गॅसवाला. ब्रँच. जावई. डॉक्टर. अक्कांना ओळखता यावेत म्हणून प्रत्येकापुढं एक चित्र. गॅसवाल्यापुढं सिलिंडर. डॉक्टरपुढं सुई. सगळ्यात खाली, थोडं पुसट, एक पान. कात्रीनं कापलेल्या आकाराचं. त्याच्यापुढं माझा नंबर.

जुना नंबर. सहा वर्षांपूर्वी कंपनी बदलली तेव्हा मी तो सोडून दिला. तेव्हा नव्या नंबरचा मेसेज मी अडीचशे जणांना पाठवला होता. अक्कांना मेसेज वाचता येणार नाही म्हणून फोन करून सांगू म्हटलं होतं.

"लई वेळा लावला," सून म्हणाली. "अत्तम्मा दवाखान्यात होत्या तेव्हापण, नंतरपण. बाई बोलायची, हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून."

लुगडं मी सुनेच्या हातात दिलं. तिनं ते उलगडून पाहिलं, काठ बोटात धरला, म्हणाली, अत्तम्मांना हिरवं आवडायचं. मग तिनं डब्यातलं स्केचपेन शोधलं, ते वाळलेलं निघालं, म्हणून खडूनं त्या पानाखाली माझा नवा नंबर लिहिला. एक आकडा चुकला होता, मी दुरुस्त केला. निघताना तिनं विचारलं, "जेवून जाता?" मी बसले. तिची ब्रँचची वेळ चुकली असणार, हे मला गेटपाशी आल्यावर लक्षात आलं.

परत आल्यावर लेकाला म्हटलं, माझं काही झालं तर फॅमिली ग्रुपशिवाय आणखी कुणाला कळवायचं ते लिहून ठेवलंय, पिवळ्या वहीच्या शेवटच्या पानावर. अकरा नावं आहेत, त्यातल्या एकाशीही आपलं नातं नाही. तो म्हणाला, "आई, सकाळी सकाळी काय गं हे!" पण वही कुठं ठेवलीय ते त्यानं विचारलं.

त्या अकरांतल्या एका नावापुढं नंबर नाही, म्हणून ही एवढी लांबण लावली. आमच्या वाड्यातल्या चाची. चाचांचं विजापूर वेशीत स्टो आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्तीचं दुकान होतं, बाहेर निळी फळी. वाडा पडल्यावर ते नई जिंदगीकडं गेल्याचं ऐकलं होतं, पुढचं काही माहीत नाही. चाची आता ऐंशीच्या पुढं असतील. कपाळावर डाव्या बाजूला भाजल्याचा छोटा डाग आहे, आणि ईदच्या शिरखुर्म्यात माझ्यासाठी खारका वेगळ्या काढून ठेवायच्या.

सोलापूरकरांपैकी कुणाला ठाऊक असेल तर मला मेसेज करा. हयात असतील तर नंबर द्या. नसतील तरी कळवा.