लाईट गेली की पेशंट गेला? हृदयपंपाच्या मेसेजला उत्तर

कोल्हापूरच्या राजारामपुरीपासून शिरोळपर्यंत ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "कृत्रिम हृदयपंपाची लाईट गेली की पेशंट गेला. आतली चिप मनाला येईल तसा वेग बदलते. पेशंटला नाडी लागत नाही, म्हणजे मेलेल्याचं बिल काढतात." हार्टमेट-३ हा पंप समोर ठेवून बघू. थकलेल्या हृदयाच्या डाव्या कप्प्याला तो बसवतात; तिथलं रक्त तो महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत, ढकलतो.

लाईट. पंपाची वायर पोटातून बाहेर कंबरेच्या कंट्रोलरला येते आणि त्याला दोन बॅटऱ्या असतात. पूर्ण चार्ज केलेली जोडी १७ तासांपर्यंत चालते. दोन्ही एकदम निघाल्या तरी कंट्रोलरमधली राखीव बॅटरी किमान १५ मिनिटं पंप फिरवते आणि तोवर अलार्म बोंबलत असतो. हां, २०१९ च्या महापुरासारखी दिवसेंदिवस लाईट गेली तर १७ तास पुरायचे नाहीत. अशा घरानं पाणी चढायच्या आधीच लाईट असलेलं ठिकाण गाठायचं. मेसेजचा धाक खरा तो एवढाच.

आणि पंप थांबलाच तर? उसाच्या लिफ्टला फूट व्हॉल्व्ह असतो, मोटर बंद पडली तरी पाइपातलं पाणी मागं फिरत नाही. या पंपाला व्हॉल्व्हच नाही. महाधमनीतलं रक्त त्यातून उलटं हृदयात येतं, म्हणून थांबणं गंभीरच. पण पेशंटचं स्वतःचं हृदय छातीत असतंच. ते किती तग धरेल त्यावर पुढचं.

चिपचं तर उलटंच आहे. पंपाचं चक्र चुंबकानं अधांतरी धरलेलं असतं, ते जागेवर ठेवायला इलेक्ट्रॉनिक्स सतत राबतं. वेग मात्र डॉक्टरांनी लावलेला, बहुधा मिनिटाला पाच-सहा हजार फेरे. जोतिबाच्या पायऱ्या चढा नाहीतर झोपा, लावलेला वेग तोच. डावा कप्पा रिकामा पडतोय अशी चिन्हं दिसली तर पंप ठरलेल्या खालच्या वेगावर उतरतो. पेशंटच्या कंट्रोलरवर वेगाचं बटणच नाही.

भांडायचंच तर स्क्रीनवरच्या लिटरच्या आकड्यावर भांडा. तो मोजलेला नसतो; वेग, खाल्लेली वीज आणि रक्ताचा दाटपणा यांवरून काढलेला अंदाज असतो. चक्रावर गुठळी धरली की वीज जास्त लागते आणि प्रवाह नसतानाही आकडा फुगतो.

नाडी लागत नाही कारण रक्त जवळजवळ सलग वाहतं. बीपी डॉप्लरनं, म्हणजे रक्ताचा प्रवाह आवाजलहरींनी टिपणाऱ्या यंत्रानं, घेतात. असा माणूस कोसळला तर मनगट चाचपत बसू नका. श्वास बघा, छातीला कान लावून पंपाची गुणगुण ऐका, कंट्रोलरचा अलार्म वाचा आणि १०८ ला फोन लावा.