फोल्डरची नावं नीट द्या रे!

परत तेच! रात्री साडेअकराला साइट सर्व्हरवर चढवली आणि होमपेजवरचे अर्धे फोटो गायब, माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं व्यवस्थित दिसतंय. दीड तास डोकं खाजवल्यावर कळलं की फोल्डरच्या नावात 'इमेजेस'चा आय कॅपिटल आहे आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला त्याने काही फरक पडत नाही पण सर्व्हर लिनक्सचा, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं, मग ४०४ म्हणजे 'फाइल सापडली नाही' शिवाय काय मिळणार!

आणि 'न्यू फोल्डर २' मध्ये 'लोगो फायनल फायनल' अशी स्पेस देऊन फाइल ठेवणाऱ्याला काय म्हणावं, लिंकमध्ये प्रत्येक स्पेसच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे २० येतं, वाचवतही नाही. कुणी तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमध्ये, बॅकग्राउंडच्या फोटोचा पाथ (फाइलचा पत्ता) थेट स्वतःच्या सी ड्राइव्हवरचा दिलाय, अरे तुझा डेस्कटॉप बाकीच्यांना कुठून दिसणार? इमेजेस, सीएसएस, जेएस (जावास्क्रिप्ट) असे ३ फोल्डर, सगळी नावं स्मॉलमध्ये, स्पेसऐवजी हायफन, पहिल्याच दिवशी केलं तर २ मिनिटांचं काम आहे हो!

सकाळी डेमो आहे आणि मी अजून एकेक पाथ बदलत बसलोय.