विचारलं काय, सांगता काय!

पुस्तक सुचवा म्हटलं की लोकांच्या कानात बोळे जातात का हो?

आमच्या आत्याचं मागच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जयंत नारळीकरांची 'प्रेषित' ही विज्ञान कादंबरी तिनं दोनदा वाचलेली. म्हणाली, "अगं, असलंच आणखी काहीतरी बघ. पण मराठीत. एका पुस्तकात संपणारं. आणि टाइप बारीक नको." तीन अटी. शाळेतल्या पोरालाही कळतील अशा.

रविवारी साताऱ्यात राजवाड्याजवळ आम्ही आठ-दहा वाचणारे चहाला जमतो. तिथं विचारलं. माझीच चूक.

एकानं लगेच 'ड्यून' काढलं. इंग्रजी, उशाला घ्यावं एवढं जाड, मागं शब्दार्थांची यादी वेगळी. या माणसाला लोणच्याचं पुस्तक विचारा, 'ड्यून'च सांगेल. दुसरीनं 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनची मालिका सुचवली. पाचवा खंड २०११ ला आला, सहाव्याची सगळं जग अजून वाट बघतंय, आणि ही म्हणे सत्तरीच्या बाईला सुरू करून दे! तिसरा वाचतच नाही, त्यानं विचारलं, "यावर सिरीज नाही का?"

आणि मग ते ठरलेलं वाक्य. "मराठीत सायन्स फिक्शन आहेच कुठं?"

डोकं फिरलं माझं. अहो, नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी फिरवून! पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्याशिवाय बाळ फोंडके आहेत, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. भुताखेतांसोबत परग्रहवासीही हवे असतील तर नारायण धारप. यातलं एकही पान उलटलेलं नाही, पण "आहेच कुठं"! स्ट्रॉबेरी खायला पाचगणीच्या पुढं भिलारला जाता ना दरवर्षी? तिथं २०१७ पासून घराघरांत मराठी पुस्तकं मांडून ठेवलीत. फोटो काढायला पाठीमागं बरी दिसतात म्हणून नव्हे.

शेवटी मीच 'यक्षांची देणगी' नेऊन दिलं. दोन दिवसांत अर्धं झालंसुद्धा.

'ड्यून'वाला मात्र हट्टानं आपला ठोकळा आत्याच्या घरी ठेवून आला. सध्या तो गच्चीवर आहे, कुरडयांची साडी वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर. काल पोवई नाक्यावर गाठ पडली तर विचारतोय, "कुठपर्यंत आल्या आत्या?"