कोल्हापुरी चप्पल एकट्या कोल्हापूरची नाही

‘कोल्हापूर जिल्ह्याबाहेर बनलेली कोल्हापुरी चप्पल नकली असते, कारण भौगोलिक मानांकन फक्त कोल्हापूरला आहे,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

२०१९ मध्ये मिळालेलं हे मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची कायदेशीर ओळख) आठ जिल्ह्यांचं आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. नोंदणीही दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या कारागिरानं शिवलेला जोड तितकाच अस्सल.

पारख करायची तर गावाचं नाव सोडा, चामडं बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीची हातशिवण, खिळा कुठेही नाही. रेक्झिनवर कोल्हापुरीचा छाप मारलेला माल मात्र खरोखर नकली, मग तो कोल्हापुरातच का विकला जाईना!

एका जोडामागे किती घरं चालतात हेही लक्षात घ्या. चामडं कमावणारा एक, तळ कापणारा दुसरा, वेणी घालणाऱ्या बायका तिसऱ्याच घरच्या. असा संदेश वाचून गिऱ्हाईकानं अथणीचा माल परत ठेवला, तर पहिली मजुरी बुडते ती या बायकांची. कृपया तो पुढे पाठवू नका.