वेताळाच्या जंगलात आपण कोण होतो?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. ते रागाचं झालं म्हणून पुसून टाकलं. आज चौथ्या दिवशी पुन्हा लिहितोय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंद्रजाल कॉमिक्सवरच्या लेखात मी वेताळाच्या, म्हणजे मूळ इंग्रजी चित्रमालिकेतल्या मुखवटाधारी 'फँटम'च्या, गोष्टींना 'निरागस' म्हटलं होतं. (गोष्टीत बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून लोकांना वेताळ एकच वाटतो.) तुम्ही विचारलंत, एक गोरं घराणं काळ्या माणसांच्या जंगलावर चारशे वर्षं हुकमत गाजवतं, तिथले लोक त्याला अमर समजून नमून राहतात, यात निरागस काय आहे? चित्रं चाळणं म्हणजे वाचन नव्हे, आणि हे अंक आजच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, असंही तुम्ही लिहिलंत.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. खरं तर तुम्ही म्हणता त्याहूनही गोष्ट जास्त टोचणारी आहे. लेखक ली फॉकने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत ही चित्रमालिका सुरू केली, तेव्हा ते जंगल आफ्रिकेत नव्हतंच. ते आशियात, आपल्याच बाजूला कुठेतरी होतं. देशाचं नाव बंगालवरून उचललेलं. चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग. विसाव्या वेताळाचा खून करणारा माणूस रामा. जंगलातल्या बुटक्या जमातीचं नाव बांदार. आफ्रिका आली ती पुढे, साठच्या दशकात.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या बेनेट, कोलमन कंपनीने इंद्रजाल काढलं आणि पहिल्याच अंकाला त्या रामाची, वेताळाच्या कमरेच्या चोरलेल्या पट्ट्याची गोष्ट घेतली. पण संपादकांनी नावं बदलली. बंगालची आठवण करून देणाऱ्या देशाचं डेंकाली झालं, रामाचा रामालू झाला, सिंगचे सिंगा झाले. त्यामुळे मिरजेतल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये पालथं पडून अंक वाचणाऱ्या आम्हा पोरांना कधी कळलंच नाही, की मूळ गोष्टीतले क्रूर चाचे आणि भाबडे रानवासी म्हणजे आम्हीच होतो. आम्ही सरळ वेताळाच्या कवटीच्या गुहेत, त्याच्या सिंहासनाशेजारी जाऊन बसलो. मी चाळिशीत ती पहिली गोष्ट इंग्रजीत वाचली तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही. हे लेखात यायला हवं होतं. ते टाळलं ही माझी चूक.

पण 'ते कायम तसंच राहिलं' हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. फॉक १९९९ मध्ये गेला, तोवर तोच ही गोष्ट लिहीत होता, आणि जग बदललं तशी त्याची गोष्टही बदलली. साठच्या दशकात त्या देशातली वसाहतींची सत्ता गेली आणि डॉ. लुआगा नावाचा काळा डॉक्टर निवडून आलेला अध्यक्ष झाला. पुढे जंगल गस्ती दलाचा प्रमुखही कर्नल वोरूबू, काळा माणूस. फॉकच्याच मँड्रेक जादूगाराच्या चित्रमालिकेतला त्याचा काळा साथीदार लोथार आधी बिबळ्याचं कातडं पांघरून मोडकंतोडकं बोलायचा. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढायला आला, त्यानंतर लोथारचे कपडे बदलले, भाषा बदलली आणि तो मँड्रेकच्या बरोबरीचा मित्र झाला. एवढ्याने हिशेब फिटला असं मी म्हणत नाही. लुआगालाही संकटात शेवटी वेताळच लागतो, हे मला दिसतं. पण एक लेखक स्वतःच्याच गोष्टीची दुरुस्ती करत राहतो, याची नोंद तुम्ही घ्यायला हवी.

आता माझ्या आजीबद्दल. ती वेंगुर्ले तालुक्यातली, आरवलीजवळची. तिला वाचता येत नसे, म्हणून दुपारी मी तिला अंक वाचून दाखवायचो. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या वेताळदेवाला, भक्त भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, ही तिथली श्रद्धा. कोकणात आणि गोव्यात वेताळ म्हणजे भुताखेतांचा राजा, तसाच गावाचा राखणदारही. आजीने माझा वेताळ ऐकला तो असा. हा कोणाच्या गावचा, याला चपला कोण देतं, असे तिचे प्रश्न असत. तो गोरा आहे की कसा, हे तिने एकदाही विचारलं नाही. ज्या कुणी मराठीसाठी 'वेताळ' हे नाव निवडलं, त्याने त्या परक्या माणसाला आमच्या घरात पाय ठेवायला जागा करून दिली. माझं प्रेम त्या जागेवर आहे. फॉकच्या १९३६ च्या जंगलावर नाही.

चित्रं चाळण्याबद्दल. चित्रकार साय बॅरीने १९६१ पासून तीसहून जास्त वर्षं वेताळ काढला. त्याचं रात्रीचं जंगल बघा: काळ्या शाईचा मोठा डाग, त्यात पानांच्या चार-पाच पांढऱ्या कडा, आणि बुबुळं नसलेले ते डोळे. रोज वर्तमानपत्रात तीन-चार चौकटी, पहिल्या चौकटीत कालची आठवण, शेवटच्या चौकटीत उद्याची ओढ. इंद्रजालमध्ये ह्या पट्ट्या एकत्र जोडताना चौकटी गाळल्या जायच्या, कापल्या जायच्या. इंग्रजी अक्षरांसाठी काढलेल्या फुग्यात मराठी वाक्य बसवायचं, म्हणून ते तोकडं आणि नेमकं. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत काय घडलं हे आम्ही मनात भरायचो. दहा पैसे रोज भाड्याने आणलेला अंक संध्याकाळपर्यंत चार वेळा वाचून व्हायचा, आणि चौथ्या वेळी मी फक्त चित्रंच वाचायचो. हो, वाचायचो.

राहिला मुलांचा प्रश्न. इंद्रजाल एप्रिल १९९० मध्ये बंद पडलं, त्यामुळे अंक सहज कोणाच्या हाती पडतील असं नाही. माझ्याकडे दोनशेच्या वर आहेत, कपाटाला कुलूप नाही. भाचा दहा वर्षांचा आहे, सुट्टीत येतो, वाचतो. ह्या मे महिन्यात मी त्याच्यासमोर डेंकालीचं जुनं नाव आणि रामालूचं खरं नाव ठेवणार आहे. अंक मात्र काढून घेणार नाही.

'निरागस' हा शब्द आज लेखातून काढला आहे आणि त्या जागी सिंगा चाच्यांचा परिच्छेद घातला आहे. वर तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेखही केला आहे. बाकी लेख तसाच ठेवतोय.