शेपटीतल्या गनरबद्दलही लिहा की!

इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टन विमानतळावरचा तुमचा लेख आवडला. पण स्कॅम्प्टन विमानतळ म्हटलं की सगळे १६ मे १९४३ च्या, ब्रिटिश विमानांनी जर्मनीत केलेल्या धरणफोडीपाशीच अडकतात, तुम्हीही अडकलात. त्या रात्री १९ लँकेस्टर बॉम्बर विमानं उडाली, तीही गवताच्या मैदानावरून. काँक्रीटची धावपट्टी नंतर झाली. ८ विमानं परतलीच नाहीत, १३३ पैकी ५३ जण गेले. आणि खाली जर्मनीत हजाराहून जास्त माणसं पुरात मेली. त्यांत सक्तीच्या मजुरीला आणलेल्या सोव्हिएत बायका कितीतरी. हे एका वाक्यात उरकायला नको होतं.

मला खरं कुतूहल आहे ते विमानाच्या शेपटीत मशीनगन घेऊन बसणाऱ्या गनरचं. विमानातल्या सात जणांत हा एकटा, बाकीच्यांकडे पाठ करून बसलेला. थंडी मरणाची, तरी बाहेरचं नीट दिसावं म्हणून काही जण समोरची पारदर्शक काचच काढून टाकत. पॅराशूट मात्र टरेटच्या, म्हणजे त्याच्या बसायच्या फिरत्या घुमटीच्या, दाराबाहेर ठेवलेलं! विमान पेटलं तर आधी ते हाताला लागायला हवं. अशा साधारण ३० मोहिमा झाल्या की मग सुट्टी, तोवर जगलात तर. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे युद्धात ५५ हजारांवर लोक गेले, बहुतेक पोरसवदा. पुढचा भाग यांच्यावर येऊ द्या.