पहिला पर्याय

२०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशाची पहिली कॅप फेरी, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची फेरी, लागली, त्या संध्याकाळी आमच्या तासगावातली एक मुलगी वडिलांबरोबर घरी आली. वडील गवंडीकाम करतात. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची, प्रिंट होती, चार घड्या घातलेली. पहिल्या ओळीभोवती लाल पेनाने गोल काढला होता.

"सर, नंबर लागला. पण हिला हे नको म्हणती."

तिला कराडच्या सरकारी कॉलेजात सिव्हिल हवं होतं. लहानपणापासून वडिलांच्या मागे साइटवर फिरलेली पोर ती, ओळंबा कसा धरायचा हे तिला शाळेच्या आधी कळलेलं. फॉर्ममध्ये कराड सिव्हिल होतं चौथ्या क्रमांकावर. वरच्या तीन ओळींत जवळपासची खासगी कॉलेजं, कॉम्प्युटर आणि तत्सम शाखा. पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्याने सांगितलं होतं, "जे नक्की लागतंय ते वर ठेवा. मोठं वर टाकलं तर हातचंही जाईल."

कटऑफची पीडीएफ उघडली. कराड सिव्हिलला त्याच फेरीत, त्याच प्रवर्गात, हिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवर जागा मिळाली होती. बाप माझ्याकडे बघत होता आणि मला ते मोठ्याने वाचवेना.

त्या वर्षीचा नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी तसंच. ती जागा घ्यायची, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी आवडीची जागा मागायची सोय तिच्यासाठी उरलीच नव्हती.

म्हणून हे लिहितोय. "हातचं जाईल" हा समज सपशेल चुकीचा आहे, आणि दरवर्षी तो मुलांचं नुकसान करतो. जागावाटप मेरिट क्रमांकाने होतं. तुमचा क्रमांक आला, की तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि जिथे तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे तिथे ती थांबते. वरचं कॉलेज नाही मिळालं तर पुढची ओळ, तीही नाही तर त्याच्या पुढची. खालच्या कॉलेजवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. एखादं कॉलेज तुम्ही पहिलं टाकलंत की दहावं, यावरून तिथे कोणाला आधी घ्यायचं हे ठरत नाही. ते ठरतं फक्त मेरिटवर.

तेव्हा क्रम मनासारखा लावा. जे खरंच हवं आहे ते सगळ्यात वर, मग त्याचा मागचा कटऑफ तुमच्यापेक्षा दोन पॉइंट वर असला तरी. यादीचा शेवट मात्र भक्कम ठेवा, नक्की मिळतील अशी कॉलेजं तळाला हवीतच. आणि ज्या कॉलेजात पाऊल टाकायची इच्छा नाही ते "असू दे" म्हणून वर घालू नका.

कटऑफ बघतानाही मुलं चुकतात. आकडा बघतात, त्याच्यावरचा जागेच्या प्रकाराचा कोड बघत नाहीत. कोडच्या शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटीची, म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांची जागा, ओ असेल तर बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्य पातळीवरची. सुरुवातीला एल असेल तर ती मुलींची. आपला कोड कोणता, हे आधी कागदावर लिहून घ्या. कटऑफ जास्त म्हणजे शिकवणं चांगलं असंही नाही. त्या वर्षी त्या शाखेला गर्दी किती होती, एवढंच त्यातून कळतं.

आता पैशांचं. मुलींच्या पालकांनी हे नीट वाचावं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात ही सवलत नाही. खासगी अभिमत विद्यापीठांत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतही नाही. "आत्ता सीट बुक करा, फी नंतर माफ होते" असं कोणी सांगितलं, तर तिथून उठून या. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा चॉइस कोडही (फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी टी असतो. तो यादीत वेगळा टाकावा लागतो. नुसतं कॉलेज टाकून ती जागा मिळत नाही, आणि पात्र मुलं इथेच ती घालवतात.

माझ्या शिक्षक मित्रांनो, तुम्हालाही विनंती आहे. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत समुपदेशक नावालाही नसतो. तेव्हा तो आपण व्हायचं, नाहीतर नेट कॅफेवाला होतो. जूनमध्ये नको, जानेवारीतच एक तास काढा. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जात वैधता, कोणाचं काय बाकी आहे ते वर्गात उभं करून विचारू नका, चिठ्ठीवर लिहून घ्या. वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. ते नाही म्हणून खुल्या प्रवर्गात ढकललं गेलेलं मूल मी पाहिलंय.

आणि मुलाशी एकदा एकट्याशी बोला. बाप शेजारी बसला की मूल "कॉम्प्युटर" म्हणतं. बाप चहा सांगायला बाहेर गेला की खरं सांगतं.

ती मुलगी त्याच कॉलेजात गेली. परवा बसस्टँडवर भेटली. धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे म्हणाली, आणि त्याचा फॉर्म मीच भरणार आहे म्हणाली.

मी रविवारी सकाळी वाचनालयात बसतो. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. येताना स्कोअरकार्ड, दाखले आणि एक कोरा कागद आणा. त्या कागदावर आवडीची पाच नावं मुलाने स्वतःच्या हाताने, कटऑफ न बघता लिहिलेली असावीत. यंदाची माहितीपुस्तिका माझ्याकडे छापून ठेवली आहे. नियम दरवर्षी बदलतात, ते आपण बसून वाचू.